डिस्टिलरीशेजारी औषधाची टाकी उभी करण्याआधी

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील सहकारी साखर कारखान्यांचे सन्माननीय अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि संचालक मंडळ यांस,

सप्रेम नमस्कार.

मी कृष्णाकाठचा ऊस उत्पादक सभासद. घरची शेती धाकट्या भावाने सांभाळली म्हणून मला शिकता आले. मायक्रोबायोलॉजीची पदवी घेतली आणि गुजरातमधल्या एका औषध कारखान्याच्या फर्मेंटेशन, म्हणजे आंबवण्याच्या, विभागात लागलो. तिथे २६ वर्षे काढली, त्यातली निम्मी रात्रपाळीत. आता गावी परतलो आहे आणि ऊस माझ्याच नावावर जातो.

यंदा एका सर्वसाधारण सभेत, इथेनॉलच्या पुढे काय, असा प्रश्न एका तरुण सभासदाने विचारला. व्यासपीठावरून उत्तर आले, "अल्कोहोल आपण आंबवूनच करतो. पेनिसिलिनसुद्धा आंबवूनच होतं. मळी आहे, वाफ आहे, टाक्या आहेत. अँटिबायोटिक का करू नये?" टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. त्या रात्री मात्र मला झोप लागली नाही. त्या उत्तरातले निम्मे अगदी खरे होते आणि उरलेले निम्मे कोट्यवधी रुपये बुडवू शकेल असे होते. दोन्ही आपल्यापुढे ठेवावे म्हणून हे पत्र. एका कारखान्याला न लिहिता सर्वांना लिहितो आहे, कारण ही कल्पना आज ना उद्या प्रत्येक मंडळापुढे येणार.

खरे काय ते आधी. पेनिसिलिनची गोष्ट आपण शाळेत फ्लेमिंगच्या बशीपाशीच संपवतो. १९२८ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात बुरशीभोवतीचे जीवाणू विरघळलेले दिसले, एवढेच आपल्याला आठवते. पण त्यानंतर एक तप उलटले तरी एका माणसाला पुरेल एवढे औषध कुणाला काढता येत नव्हते. ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी बुरशी वाढवायला रुग्णालयातली शौचपात्रेसुद्धा वापरली. फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसावर त्यांनी उपचार सुरू केले. ताप उतरला, तो जेवू लागला, आणि औषध संपले. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून त्यालाच टोचले, तेही पुरले नाही. मार्चमध्ये तो गेला. रोगाचा इलाज हाती होता, पण तो पुरेसा तयार करण्याची रीत कुणाला ठाऊक नव्हती.

ती रीत सापडली शेतमालावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत. अमेरिकेत इलिनॉय राज्यात पिओरिया या गावी सरकारची एक प्रयोगशाळा होती. जादा पिकलेल्या शेतमालाला नवे उपयोग शोधायचे, हे तिचे काम. मक्यापासून स्टार्च काढताना मका भिजवलेले पाणी उरते. ते आटवून केलेला काढा त्यांनी बुरशीला घातला आणि उत्पादन कित्येक पटींनी वाढले. १९४३ मध्ये त्याच गावातल्या एका बुरसलेल्या खरबुजावर बुरशीची अशी जात मिळाली की आजच्या औद्योगिक जातींचा वंश तिच्यापर्यंत जातो. खोल टाकीत हवा सोडून बुरशी वाढवण्याचे काम ज्या फायझर कंपनीने मोठ्या प्रमाणावर यशस्वी केले, ती त्याआधी साखर आंबवून सायट्रिक ॲसिड करत होती. मार्च १९४४ मध्ये ब्रुकलिनमधल्या एका जुन्या बर्फाच्या कारखान्यात तिने प्रत्येकी सुमारे २८,००० लिटरच्या १४ टाक्या चालू केल्या. तेव्हा साखरवाल्यांनी औषधाकडे वळणे यात वावगे काही नाही. शेतातला उरलासुरला माल आणि आंबवण्याचे ज्ञान यांतूनच हा धंदा उभा राहिला.

आता चूक कुठे होते ते सांगतो. आपल्या डिस्टिलरीत मळी पातळ करायची, यीस्ट घालायचे, की दीड दिवसात वॉश, म्हणजे आंबलेला द्रव, तयार. बाहेरचे थोडे जीवाणू आत पडले तर उतारा जरा घटतो, एवढेच. यीस्ट आपली राखण आपणच करते. भोवतालचा द्रव आंबट असतो, त्यात अल्कोहोल साठत जाते, आणि तशा द्रवात इतरांना फारसे जगता येत नाही. हवा लागत नाही. आपल्या माणसांना हे काम चांगले येते आणि त्याचा मला अभिमान आहे.

पेनिसिलिनची बुरशी अशी दांडगी नाही. तिला २५-२६ अंश तापमान हवे, साडेसहाच्या आसपास पीएच हवा, साखर, नत्र, क्षार यांचे भरले ताट हवे आणि सहा ते आठ दिवस हवेत. तेच ताट हवेतल्या, पाण्यातल्या, कामगाराच्या हातावरच्या जीवाणूंनाही तितकेच आवडते. बुरशी सावकाश वाढते, जीवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात. कुणी म्हणेल, पेनिसिलिन जीवाणू मारते ना, मग भीती कसली? पण पुष्कळ जीवाणू पेनिसिलिनेज नावाचे विकर सोडतात आणि ते विकर पेनिसिलिनचे तुकडे करते. पाच दिवस जमवलेले औषध एका-दोन पाळ्यांत नाहीसे होते. दुधात मिठाचा खडा पडल्यासारखे.

म्हणून या धंद्यातले खरे कौशल्य निर्जंतुकपणा राखण्याचे आहे. टाकी, पाइप, व्हॉल्व्ह, सगळे काही १२१ अंशांच्या वाफेने शिजवायचे आणि नंतर आठ दिवस बाहेरचा एकही जीव आत जाऊ द्यायचा नाही. आत हवा तर अखंड सोडायची असते. एक लाख लिटरच्या टाकीत दर मिनिटाला जवळजवळ तेवढीच, म्हणजे लाखभर लिटर हवा जाते. ती सगळी ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून. पाण्यात ऑक्सिजन विरघळतो तो लिटरला फार तर आठ मिलिग्रॅम, आणि भरात आलेली बुरशी तो मिनिटाच्या आत संपवते. आपल्याकडे वीज गेली की 'येईल पाच मिनिटांत' म्हणून आपण थांबतो. तिथे पाच मिनिटे म्हणजे बुरशी गुदमरणे, आणि टाकीतला दाब उतरला तर गळक्या सांध्यातून बाहेरची घाण आत ओढली जाणे.

बी तयार करण्याची पद्धत मात्र आपल्या शेतकऱ्याला लगेच कळेल. उसात आपण मूलभूत बेणे, त्यापासून पायाभूत, त्यापासून प्रमाणित असे तीन टप्प्यांत बेणे वाढवतो. इथेही तसेच. अतिथंड ठेवलेल्या कुपीतले बीजाणू आधी हलत्या फ्लास्कमध्ये, तिथून काहीशे लिटरच्या सीड टाकीत, मग मोठ्या सीडमध्ये आणि शेवटी मुख्य टाकीत. कुपीत खोट असेल तर पुढे लाख लिटर खोटेच. खाऊ घालण्याचेही तसेच. सगळी साखर एकदम दिली तर बुरशी नुसती माजते आणि औषध करायचे विसरते. पाट सोडणे आणि ठिबक यात जो फरक, तोच इथे. ग्लुकोज तासातासाला मोजून सोडायचे. पेनिसिलिन-जी हा पेनिसिलिनचा प्रकार हवा असेल तर फिनाइल ॲसिटिक ॲसिडसुद्धा मापाने द्यायचे, कारण जास्त झाले तर तेच बुरशीला विष होते. फ्लेमिंगच्या बुरशीतून मिलिलिटरला दोन-चार युनिट, म्हणजे लिटरमागे एक-दोन मिलिग्रॅम, मिळत होती. आजच्या जाती लिटरमागे ४०-५० ग्रॅम देतात. हे अंतर कापायला बुरशीच्या लाखो वसाहती तपासाव्या लागल्या आहेत.

यानंतर द्रवातून औषध काढणे हे वेगळेच शास्त्र. गाळायचे, थंड करायचे, आम्ल घालून ब्युटाइल ॲसिटेट या द्रावकात ओढायचे, आणि हे सारे झटपट, कारण आम्लात पेनिसिलिन टिकत नाही. ज्वालाग्राही द्रावक हाताळायचे असल्याने आगीचा धोका वेगळा. त्यात इथे शिरत नाही.

एक अनुभव सांगतो. आमच्याकडे एकाच टाकीतल्या लागोपाठ तीन बॅच तिसऱ्या-चौथ्या दिवशी बिघडल्या. पहिल्या वेळी सीडवर संशय, दुसऱ्या वेळी हवेच्या फिल्टरवर. तिसऱ्या वेळी रात्री अडीचला मीच नमुना घेतला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. बुरशीच्या धाग्यांमध्ये बारीक काड्या, म्हणजे बाहेरचे जीवाणू, दिसल्या. मन मानायला तयार होईना म्हणून दुसरी स्लाइड केली. त्यातही त्याच. वरिष्ठ म्हणाले, सकाळी साहेब येईपर्यंत वहीत काही लिहू नका. मी लिहिले. वेळ, टाकी, पाहिलेले, सगळे. त्यावरून मला बरेच ऐकून घ्यावे लागले. पण त्या नोंदीमुळे तिन्ही बॅचच्या वेळा शेजारी ठेवून पाहता आल्या आणि लक्षात आले की गडबड दर वेळी थंड पाण्याचा प्रवाह वाढवल्यानंतर सुरू होते. टाकी रिकामी केली. आमच्या मिस्त्रीने आत उतरून थंड पाण्याच्या कॉइलमध्ये हवेचा दाब दिला आणि वेल्डिंगवर साबणाचे पाणी फिरवले. एका पट्टीच्या मागे बुडबुडे आले. भोक सुईच्या टोकाएवढे. कॉइलमधल्या पाण्याचा दाब टाकीतल्या दाबापेक्षा जास्त, म्हणून कूलिंग टॉवरचे पाणी थेंबथेंब आत जात होते. तीन बॅच त्या भोकातून गेल्या.

हे एवढ्यासाठी सांगितले की अशा कारखान्यात सर्वांत मोलाचा माणूस म्हणजे अडीच वाजता दिसले ते वहीत लिहिणारा माणूस. आपल्या कारखान्यांत भरती कशी होते हे आपण सर्व जाणतो. कुणाचा मुलगा, कोणत्या गटाचा, कोणत्या गावाने किती मते दिली. साखरेच्या घरात ते एकवेळ खपून जाते, कारण साखर करण्याची रीत गेली कित्येक वर्षे बसलेली आहे आणि जुनी माणसे सांभाळून घेतात. निर्जंतुक टाकीत ते खपणार नाही. हे स्पष्ट लिहिल्याबद्दल राग मानू नये.

आपल्या जमेच्या बाजू मोठ्या आहेत, हेही मनापासून सांगतो. वाफ आणि वीज हा या धंद्याचा मोठा खर्च, आणि बगॅसवरच्या, म्हणजे उसाच्या चिपाडावरच्या, को-जनमुळे (वाफेबरोबर वीजही करण्यामुळे) दोन्ही आपल्या घरचे. वाफेच्या दाबाशी खेळणारे बॉयलर ॲटेंडंट आपल्याकडे आहेत, पंप-कॉम्प्रेसर उघडून बसवणारे फिटर आहेत. मळी आहे, जरी तिच्यातल्या क्षारांमुळे आणि रंगामुळे ती सरसकट चालत नाही आणि पुष्कळ ठिकाणी शुद्ध ग्लुकोजच लागते. पण गाळप चार-पाच महिने आणि टाकी बारा महिने, हे विसरू नका. पावसाळ्यात बगॅस संपला, वाफ अडली, तर आठ दिवसांच्या बॅचला पुढचा हंगाम येईपर्यंत थांबता येत नाही.

आणि माणसे. कराड, इस्लामपूर, सांगली, सातारा इथल्या महाविद्यालयांतून दर वर्षी मायक्रोबायोलॉजीची मुले-मुली बाहेर पडतात. टेस्ट ट्यूब आणि पेट्री डिश त्यांनी पाहिलेली असते. मोठा फर्मेंटर, म्हणजे आंबवण्याची टाकी, पुष्कळांनी फक्त पुस्तकातल्या आकृतीत. मग ती पुण्याला, हैदराबादला, अंकलेश्वरला जातात, जसा मी गेलो.

यापुढचा भाग लिहिताना माझा हात जड होतो, पण याच भागासाठी मी पत्र लिहायला बसलो.

डिस्टिलरीचा स्पेंटवॉश, म्हणजे अल्कोहोल काढून उरलेले पाणी, आपण प्रेसमडवर, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळावर, फवारून कंपोस्ट करतो आणि सभासदांना देतो. प्रतिजैविकाच्या प्रत्येक बॅचनंतर बुरशीचा ओला लगदा टनावारी उरतो. त्यात प्रथिने असतात, दिसायला तो चांगल्या खतासारखा. कुणीतरी नक्की म्हणेल, तोही प्रेसमडमध्ये मिसळा. कुणी म्हणेल, जनावरांच्या पेंडीत घाला. हे होऊ देऊ नका. त्या लगद्यात औषधाचा अंश राहतो. तो शेतात पसरला तर मातीतले जे जीवाणू त्याला पुरून उरतात तेवढेच वाढतात, आणि पुरून उरण्याचा गुण एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जातो, अगदी वेगळ्या जातीच्या जीवाणूकडेही. शेणातून, पाण्यातून, भाजीतून तो घरात येतो. मग कधीतरी मिरजेच्या एखाद्या वॉर्डात डॉक्टर इंजेक्शन देतात आणि ताप हलत नाही.

हैदराबादजवळ पाटणचेरूला औषध कारखान्यांचे सांडपाणी एकत्र शुद्ध करणारा प्रकल्प होता. तिथून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडल्याचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार चालू असलेल्या रुग्णाच्या रक्तात असते त्याहून हे जास्त. ते औषध रासायनिक पद्धतीने बनते, आंबवून नव्हे, पण नदीला हा फरक कळत नाही. जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांच्या अंशावर मर्यादा घालणारा मसुदा काढला. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा उरल्या नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविकांच्या कारखान्यांतले सांडपाणी आणि घनकचरा यांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. कायद्याने मागितले नाही तरी त्या सूचना आपण पहिल्या दिवसापासून पाळाव्यात, ही माझी हात जोडून विनंती आहे. लगदा आणि सांडपाणी आधी औषध निष्क्रिय करून, मगच पुढच्या शुद्धीकरणाला. आणि लगद्याचा शेवट जाळण्यात, कंपोस्टमध्ये नाही.

कृष्णेत माशांचा खच पडलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. ती नदी कोणाच्या पाण्याने नासली यावर इथे वाद घालत नाही. पण मेलेला मासा निदान डोळ्यांना दिसतो. प्रतिजैविकाने नासलेले पाणी स्वच्छ दिसते, त्याला वास येत नाही, आणि त्यात वाढलेला जीवाणू गावोगाव पोहोचतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले होते. धोक्याची पातळी ४५ फूट. ज्या जागेवर त्या महिन्यात पाणी चढले होते, तिथे सांडपाण्याची टाकी बांधू नका, जमीन कारखान्याची आणि फुकट असली तरी.

या विषयात माझा जीव इतका का गुंततो, त्याचे कारण घरचे आहे. माझ्या जन्माआधी, १९५० च्या दशकाच्या अखेरीस, माझ्या वडिलांना, आप्पांना, क्षय झाला. त्यांना वानलेसवाडीच्या सॅनिटोरियममध्ये ठेवले होते. आजी सांगायची, गावातल्या लोकांनी त्यांचा तांब्या वेगळा केला होता. तिथे त्यांना स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने मिळाली. हे औषध १९४३ मध्ये अमेरिकेत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांना मातीतल्या एका जीवाणूपासून मिळाले. पहिल्या पावसानंतर रानातून जो वास येतो, तो याच कुळातले जीवाणू सोडतात. आप्पा बरे झाले. त्या औषधाने कानावर परिणाम होतो, तसा त्यांच्यावर झाला, आणि पुढची चाळीस वर्षे आम्ही त्यांच्याशी ओरडून बोललो. पण ती चाळीस वर्षे त्यांना मिळाली. मी जन्मलो.

त्याच स्ट्रेप्टोमायसिनचे पुढे आपण काय केले? आटपाडी, जत भागात डाळिंबावर तेल्या हा जीवाणूंचा रोग आला तेव्हा स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनची भुकटी पाण्यात कालवून आपण बागांवर मारली. सुट्टीवर आलो असताना मेहुण्याच्या बागेत मी ते पाहिले आणि गप्प राहिलो, कारण बाग जात होती आणि त्याच्यावर कर्ज होते. त्याचा दोष मी त्याला देत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने शेतीतल्या या औषधांवर बंदीचा मसुदा आदेश काढला. दुधाचेही तसेच. म्हशीला दगडी झाली, म्हणजे कास सुजली, की सडात पेनिसिलिनची ट्यूब सोडतो आणि दुसऱ्या दिवशीच दूध डेअरीला. त्या दुधाला विरजण नीट लागत नाही, हे आपल्या बायकांना कुठल्याही प्रयोगशाळेच्या आधी कळते. उद्या आपणच प्रतिजैविक बनवणार असू, तर ते कुणाला आणि कशासाठी विकतो याचीही जबाबदारी आपली. कोंबड्यांच्या खाद्यासाठी आणि फवारणीसाठी ते आपल्या दारातून बाहेर पडू नये.

आता पैशाचे. पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये स्थापन झाली, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, आणि पुढच्या वर्षी पेनिसिलिन देऊ लागली. बुरशीच्या रोगांवरचे हॅमायसिन तिथल्याच शास्त्रज्ञांनी शोधले आणि ते तयार करणाऱ्या जीवाणूला पिंपरीचेच नाव मिळाले. हे काम मराठी मुलखात साठ वर्षांपूर्वी झाले आहे. पण नव्वदीनंतर चीनचे स्वस्त पेनिसिलिन-जी येऊ लागले आणि देशातल्या टाक्या एकेक करून बंद पडल्या. अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या आपल्याकडे बनत होत्या, त्यांचा मूळ माल मात्र बाहेरून. २०२० मध्ये केंद्राने कच्च्या औषधी मालासाठी ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आणली. फर्मेंटेशनने होणाऱ्या मालाला तिच्यात पहिली चार वर्षे विक्रीच्या २० टक्के प्रोत्साहन आहे. त्यातून आंध्रात काकीनाड्याला वर्षाला १५,००० टन पेनिसिलिन-जी करण्याच्या क्षमतेचा कारखाना २०२४ मध्ये सुरू झाला. एवढ्या मोठ्या उत्पादकाशी दरात झुंजण्याची ताकद एकट्या साखर कारखान्यात नाही. तेव्हा प्रतिजैविकातून उसाला टनामागे अमुक रुपये जादा मिळतील असे जो सल्लागार सांगेल, त्याला चहा पाजून परत पाठवा.

मग करायचे काय? माझे मागणे लहान आहे. दोन्ही जिल्ह्यांतल्या चार-पाच कारखान्यांनी मिळून एक शेड उभी करावी. त्यात ५० लिटरची सीड टाकी आणि ५०० लिटरची मुख्य टाकी, छोटा बॉयलर, तेलविरहित हवेचा कॉम्प्रेसर, फिल्टर, जनरेटर आणि एक स्वच्छ प्रयोगशाळा असावी. डिस्टिलरीपासून दूर आणि पूररेषेच्या वर. पहिली दोन वर्षे तिथे प्रतिजैविकाचे नावही काढायचे नाही. पिकाचे रोग रोखणारी ट्रायकोडर्मा बुरशी करा, पिकाला नत्र देणारा ॲझोटोबॅक्टर जीवाणू करा. सभासदांना ते लागतेच आणि काही कारखाने आजही ते करतात. फरक एवढाच की ते हवा सोडलेल्या बंद टाकीत, औषधाच्या शिस्तीने करायचे. लागोपाठ २० बॅच बाहेरचा जीवाणू न शिरता काढून दाखवल्या, तर पुढच्या पायरीचा विचार. बिघडलेल्या प्रत्येक बॅचची नोंद, कारणासकट, कारखान्याच्या फलकावर लावायची, जशी रोजच्या गाळपाची आणि उताऱ्याची लावतो. सुरुवातीला फलक वाईट दिसेल. दिसू द्या. आमच्याकडे सुरुवातीचे महिने असेच गेले होते.

मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल तंत्राचे शिक्षण आपल्या पैशातून चालते. तिथे निर्जंतुक फर्मेंटेशनचा अभ्यासक्रम सुरू करा, अशी मागणी आपण मंडळी करू शकता, तुमचा शब्द तिथे चालतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे. शिकायला लागणाऱ्या जाती तिथून मिळतील. महाविद्यालयांतल्या मुला-मुलींना सहा-सहा महिने या शेडमध्ये पाळीत कामाला घ्या, पगार देऊन. मुलींना रात्रपाळीला घरून आणण्या-सोडण्याची गाडी द्या. माझ्या अनुभवात प्लेटवरची वसाहत ओळखण्यात त्यांचा हात कोणी धरला नाही.

पुढे खरेच औषधाकडे वळलात तर पेनिसिलिन-जीच्या मागे लागू नका. कमी टनांचे आणि जास्त कसबाचे असे काही निवडा. माझ्या मनात एक नाव आहे. रिफामायसिन. तेही मातीतल्या जीवाणूपासून आंबवून होते आणि त्यापासून क्षयावरचे रिफाम्पिसिन बनते. हा हिशोबाने काढलेला सल्ला नाही, आप्पांच्या मुलाची इच्छा आहे. तपासून पाहा, नाही जमले तर दुसरे घ्या.

येत्या हंगामाच्या मोळीपूजनाआधी संचालक मंडळाच्या एका बैठकीत हा विषय अधिकृतपणे घ्यावा, आणि सर्वसाधारण सभेच्या अहवालात या शेडसाठी एक ओळ यावी, एवढे मागतो. माझ्याकडे जुन्या वह्यांच्या प्रती आहेत, त्यात बिघडलेल्या बॅचच्या नोंदी जास्त आहेत. बोलवाल तिथे त्या घेऊन येईन आणि मुलांसमोर बसेन. मानधन नको. कारखान्याच्या गेटवर माझा ऊस जसा वेळेवर घेता, तशी वेळ दिलीत तर पुरे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
कृष्णाकाठचा एक ऊस उत्पादक सभासद